धूर नाही, वाफ आहे

नंदाखाल,
१२ फेब्रुवारी २००८

प्रिय फर्डी,

परवा तुझा फोन आला तेव्हा "सगळं ठीक" म्हणालो, ते खोटं होतं. फोन आहे बाहेरच्या खोलीत, आणि तो वाजला की सावित्री तांदूळ निवडायला नेमकी तिथेच येऊन बसते. बायको समोर बसलेली असताना कोणता नवरा खरं बोलतो? म्हणून हे पत्र. अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय झालेत, सांभाळून घे.

दिवाळीपासून माझ्या डाव्या पोटरीत गोळे यायचे. पानांच्या वाडीतून घरी येताना दोनदा थांबावं लागायचं. मला वाटलं, सत्तावन्न झाली, आता हे चालायचंच. शेवटी यतीननं, पोटच्या पोरानं, बापावर आवाज चढवला आणि वसईला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर तरुण आहे, पण तोंड फटकळ. म्हणाला, "विडीनं पायाच्या शिरा आतून बंद होत आल्यात. काका, विडी सोडा, नाहीतर पाय सोडा." वर आणखी एक हुकूम: अनवाणी चालायचं नाही. या पायाला काटा लागला तरी जखम भरायची नाही म्हणे.

घरी आल्या आल्या सावित्रीनं माझी विड्यांची बंडलं पाणी तापवायच्या बंबात घातली. आज नववा दिवस. या नऊ दिवसांत मी तिच्याशी चार वेळा भांडलो, एकदा भरलं ताट सारलं, आणि काल चोरून नथूकडून दोन विड्या घेतल्या. तीस वर्षं वाडीत पाणी लावणारा माणूस तो, नाही कसा म्हणेल?

गंमत ऐक. वाडीत मला त्रास होत नाही. तुला ठाऊकच आहे, पानवेल सोवळ्याची. दारात चपला काढायच्या, पाय धुवायचे, आत विडी पेटवायची नाही. आजोबांपासूनचा नियम. शिडीवर चढून पानं खुडताना तीन-तीन तास जातात, विडीची आठवणसुद्धा होत नाही. दाराबाहेर पाऊल पडलं की हात आपोआप खिशात जातो.

पाय गेला तर शिडीवर कोण चढणार, फर्डी? यतीन अंधेरीला कॉम्प्युटरपुढे बसतो. त्याला कोवळं पान आणि जून पान यांतला फरक अजून कळत नाही. आणि वाडीवर डोळा ठेवून असलेल्या बिल्डरचा माणूस महिन्यातून एकदा येऊन तब्येत विचारून जातो. त्याला माझ्या पायाचं कळलं तर तो पेढे वाटेल.

हे सगळं तुझ्यापाशीच ठेव.

तुझा,
काशी


दुबई,
२ मार्च २००८

प्रिय काशी,

पत्र वाचलं आणि दुसऱ्या दिवशी हॉटेलच्या कोठारात मैद्याच्या गोणी साखरेच्या खात्यात लिहिल्या. अठ्ठावीस वर्षांत अशी चूक झाली नव्हती.

निर्मळची जत्रा आठवते? आपण अकरा वर्षांचे. पप्पांच्या खिशातली विडी चोरून आणली ती मी. तळ्याच्या मागे बसून पेटवली ती मी. तू नको नको म्हणत होतास, मी म्हणालो, भित्री भागूबाई! मग काय, माझ्या हातातून ओढूनच घेतलीस. मी इथे आल्यावर सोडून दिली, तुझी मात्र सुटली नाही. तू कधी बोलून दाखवलं नाहीस, पण तुला खोकला आला की मला ते तळं दिसतं. तुझा पाय गेला तर तो माझ्या डोक्यावर आहे, असं मी समजतो.

म्हणून एक वस्तू पाठवतोय. इथे चिनी मालाची एक गल्ली आहे, तिथे बॅटरीवर चालणारी सिगारेट निघाली आहे. अगदी स्वस्त, एका बिर्याणीच्या पैशात येते. पांढरी नळी म्हणजे बॅटरी. तिच्या मागे पिवळा तुकडा बसवायचा, तो कार्ट्रिज. त्यात तंबाखूच्या अर्काचं पाणी असतं. ओढलं की टोकाला लाल दिवा लागतो, पाणी तापतं आणि वाफ तोंडात येते. आग नाही, राख नाही. दुकानदार छातीवर हात ठेवून म्हणाला, धूर नाही, वाफ आहे, लहान मुलासारखी निर्मळ. कार्ट्रिजवर अर्काचा जोर लिहिलेला असतो. तुझी दोन बंडलांची सवय लक्षात घेऊन मी सगळ्यात जोरदार घेतलीत.

हेलनला विचारलं नाही. पोरगी नर्स झाल्यापासून बापाला वॉर्डातला पेशंट समजते. हजार प्रश्न काढेल.

आपल्या आळीतली डेल्फिन सुट्टीवर निघाली आहे. तिच्या बॅगेत, खजुराच्या डब्याखाली आहे सगळं. खजूर सावित्रीवहिनींना दे.

तुझा,
फर्डिनंड


नंदाखाल,
६ एप्रिल २००८

प्रिय फर्डी,

तुझं यंत्र पोचलं आणि आमच्या आळीत जत्रा भरली. ओढलं की टोकाला काजवा पेटतो. शेजारच्या म्हाताऱ्या बघायला आल्या. एकीनं तर विचारलं, यात गाणीपण लागतात का?

चार्जिंग मिक्सरच्या प्लगवर करतो. सकाळी खोबरं वाटायची वेळ झाली की सावित्री माझी सिगारेट उपटून बाजूला फेकते. तिचं म्हणणं, दुधाची तहान ताकावर भागवायची ही. पण विडी बंद झाली म्हणून गप्प आहे. मीही शपथेवर सांगतो, तेवीस दिवसांत विडीला हात लावला नाही.

आणि सोय किती! विडी ओढायला अंगणात जावं लागे. हे मी पलंगावर ओढतो, जेवता जेवता ओढतो. बँकेच्या रांगेत ओढलं तर शिपाई धावत आला. मी त्याला हातावर वाफ सोडून दाखवली. बघ, चटका बसतो का? बिचारा बघतच राहिला. रिक्षात, लग्नाच्या मांडवात, डॉक्टरच्या बाकावर, कुठेही चालतं. दिवसाला तीन कार्ट्रिज लागतात. तू दिलेली जेमतेम जूनअखेरपर्यंत पुरतील, तेवढं बघ.

आता वाडीचं सांगतो. गेल्या आठवड्यात पानं खुडताना यंत्र कमरेला होतं. शिडीवर चढलो आणि मनात आलं, का नको? नियम काय आहे, विडी पेटवायची नाही. मी पेटवलं कुठे? भाताच्या भांड्यातून निघते तीच ही वाफ. दोन झुरके मारले. नथूनं खालून पाहिलं. मी त्याला सगळं समजावून सांगितलं, आग नाही, राख नाही, मग वेलीला विटाळ कशाचा? तो पाटाच्या पाण्याकडे तोंड करून बसला. घरी सावित्रीला सांगितलं, ती मान खाली घालून तांदूळ निवडत राहिली. ती बोलत नाही तेव्हा मला जरा चुकल्यासारखं होतं, पण वाद मी जिंकला हे खरं.

वाडीत अजून अनवाणीच जातो. डॉक्टरला काय कळतं पानवेलीतलं?

तुझा,
काशी


दुबई,
२० जून २००८

प्रिय काशी,

तुझं पत्र हेलनच्या हाती लागलं, तिनं वाचलं. मग आमचं थोडं बोलणं झालं. ते जाऊ दे.

विडी सुटली हे वाचून मी गुडघे टेकले. पण दिवसाला तीन फार होतात रे. आणि वाडीत नको नेऊस. तुझ्याशी वाद घालायची माझी ताकद नाही, लहानपणीही नव्हती. पण ते तीन तास तुझे होते, ते तुझेच राहू देत.

नवीन कार्ट्रिज पोस्टानं पाठवतोय. डबा तोच आहे, पण कंपनीनं माल बदलला म्हणतात, चव जरा फिकी लागेल. आठ दिवसांत सवय होईल. सोडू नकोस. दुसरं काही ओढू नकोस.

पायाला चप्पल घाल, काशी. वेल रागावणार नाही.

तुझा,
फर्डिनंड


नंदाखाल,
२५ ऑगस्ट २००८

प्रिय फर्डी,

उत्तराला उशीर झाला. वाडीत काम फार.

नवा माल उत्तम आहे. पहिल्यापेक्षा सरस म्हटलं तरी चालेल. तुझे उपकार कसे फेडू? यंत्र दिवसभर तोंडात असतं, सावित्रीला विचार. ती आता माझ्या शर्टाचा वास घेत नाही, एवढा तिचा विश्वास बसलाय.

डाव्या करंगळीला काटा लागला होता, किरकोळ. नथू हळद लावतो.

हेलनला आशीर्वाद.

तुझा,
काशी


दुबई,
९ नोव्हेंबर २००८

प्रिय काशी,

'पहिल्यापेक्षा सरस.' हे वाक्य मी तीनदा वाचलं. तुला कल्पना नाही मला काय वाटलं. एक दिवस सांगेन. आत्ता सांगितलं तर तू मला शिव्या घालशील, मग हसशील.

आणखी तीन डबे पाठवलेत. नाताळच्या मिस्सेत तुझ्या पायासाठी मेणबत्ती लावणार आहे. करंगळी भरली ना? तू लिहिलं नाहीस.

तुझा,
फर्डिनंड


वसई, इस्पितळ,
१९ जानेवारी २००९

फर्डी,

पाय गेला. सहा तारखेला गुडघ्याखाली कापला.

हे तुला दुसऱ्या कुणाकडून कळायच्या आत मीच लिहितोय, कारण पुढचं दुसऱ्या कुणाला ठाऊक नाही. तू जूनमध्ये पाठवलेला माल मला लागू पडला नाही. ओढायचो, वाफ यायची, दिवा लागायचा, पण जीव भागेना. कोरडी विहीर उपसल्यासारखं. तिसऱ्या दिवशी अंगाला कंप सुटला. पाचव्या दिवशी मी पंपाच्या खोपीत बसून नथूची विडी ओढली. मग रोज एक, मग पूर्वीसारखी दोन बंडलं.

तुला कसं कळवणार होतो? तू एवढ्या मायेनं पाठवत होतास. तळ्याकाठची ती विडी अजून तुझ्या छातीवर बसलीय, हे तू आपल्या हातानं लिहिलं होतंस. तुझं औषध फुकट गेलं असं मी लिहायचं? म्हणून लिहिलं, सरस आहे.

आणि सावित्रीसमोर तुझं यंत्र तोंडात धरून बसायचो. विडीचा वास आला की म्हणायचो, यंत्राचाच आहे. तिनं मानलं. तुझं यंत्र नसतं तर तिनं मला दुसऱ्या दिवशी पकडलं असतं.

करंगळी काळी झाली, मग शेजारचं बोट. मी मोजा घालून झाकलं. एका सकाळी वाडीत, शिडीच्या पायथ्याशी, आतच विडी पेटवली. एकदा वाफ आत नेली होती, मग धुराला कुठली लाज? नथूनं पाहिलं. माझ्या हातातून विडी काढून पाटात टाकली आणि म्हणाला, "दादा, आता मी तुला विडी नाय देनार. तुजा पाय माज्याच्यानं बघवत नाय." तोच घरी जाऊन सावित्रीला सांगून आला. तोवर घोट्यापर्यंत चढलं होतं.

इथे पडल्या पडल्या एकच हिशेब सुचतो. वाडीचे नियम दोन. चपलेचा मी पाळला, विडीचा मोडला. उलट केलं असतं तर आज दोन्ही पायांवर असतो.

तुझा,
काशी


दुबई,
१९ जानेवारी २००९

प्रिय काशी,

हे पत्र बसून वाच. आणि आधीच सांगतो, शिव्या मनातल्या मनात घाल, वहिनी तांदूळ निवडत असतील.

गेल्या जूनमध्ये हेलननं तुझं पत्र वाचलं तेव्हा ती माझ्यावर जन्मात ओरडली नव्हती तेवढी ओरडली. म्हणाली, डॅडी, शिरा नुसत्या धुरानं आवळत नाहीत, त्या अर्कानंही आवळतात, आणि तुम्ही काकांना तोच सगळ्यात जोरदार पाठवलात, दिवसाला तीन! मला धरणी ठाव देईना. वाचवायला निघालो होतो आणि मीच गळा आवळत होतो.

त्याच दुकानात बिनअर्काची कार्ट्रिजही मिळतात. नुसतं वासाचं पाणी. मी ती घेतली आणि एकेक काढून जोरदारच्या डब्यांत भरली. हेलनला सांगितलं, कमी जोराची पाठवतोय. तुलाही खरं लिहिलं नाही. सांगितलं असतं तर तू ती कौलांवर भिरकावली असतीस आणि विडी पेटवली असतीस. मी तुला अकराव्या वर्षापासून ओळखतो.

कंपनीनं माल बदलला म्हणालो, ती थाप होती. मग तुझं पत्र आलं: पहिल्यापेक्षा सरस. काशी, मी कोठारात एकटा हसत बसलो आणि मग रडलो.

नाताळात फादरजवळ ही थाप कबूल केली. ते म्हणाले, देवाला सांगितलंस, आता ज्याला फसवलंस त्याला सांग. म्हणून सांगतो. गेले सात महिने तुझ्या अंगात तंबाखूचा थेंबही गेलेला नाही. तुला वाटलं यंत्रानं सुटली. यंत्रात काहीच नव्हतं. तूच सोडलीस, तुझ्या तुला न कळता! आता यंत्रही फेकून दे आणि शिडीवर चढ.

तुझा आज फार आनंदात असलेला,
फर्डिनंड


दुबई,
४ फेब्रुवारी २००९

काशी,

तुझं पत्र आज आलं. माझं तुला मिळालं असेल. ते मधल्यामध्ये कुठे हरवलं असतं तर मी देवाचे आभार मानले असते.

एकदा निर्मळच्या तळ्याकाठी, एकदा इथून. मी दोनदा तुझ्या हातात विडी दिली.

माफी मागायला तोंड नाही. तू उत्तर दिलं नाहीस तरी मी समजेन.

फर्डिनंड


नंदाखाल,
१७ मे २००९

प्रिय फर्डी,

तीन महिने मुद्दामच लिहिलं नाही. राग होता. तुझं आनंदाचं पत्र इस्पितळातून घरी आलो त्या दिवशी मिळालं. माझा चष्मा सापडेना म्हणून सावित्रीला वाचायला सांगितलं. शेवटची ओळ वाचून तिनं कागद घडी घालून माझ्या उशाशी ठेवला. तेव्हा मी तिला माझंही सगळं सांगितलं. तिनं माझ्या पायाची पट्टी नीट केली. मग म्हणाली, "दोघं एकमेकांची मनं सांभाळत बसलात. मला एकीला सांगितलं असतंत, तर काय बिघडलं असतं?"

फर्डी, याचं उत्तर तुझ्याकडे असलं तर तिला दे.

डॉक्टरला विचारलं, दोष कुणाचा? तो म्हणाला, सुरुवातीच्या जोरदार कार्ट्रिजनंही शिरा आवळल्या असतील, पण नंतरच्या विड्यांनी काम पुरं केलं, आणि काट्यानं निमित्त दिलं. त्या विड्या मी माझ्या हातानं पेटवल्या. तू लबाडी केलीस ती मी वाचावं म्हणून, मी केली ती तुझं मन राहावं म्हणून. त्या दोन्हींच्या मध्ये माझा पाय सापडला. तळ्याकाठचं आता डोक्यातून काढ. मी तेव्हा अकरा वर्षांचा होतो, सत्तावन्नाव्या वर्षी मला कुणी भित्री भागूबाई म्हटलं नव्हतं.

विडी सहा जानेवारीपासून बंद आहे. यंत्रही. ते तुझ्या खजुराच्या डब्यात घालून माळ्यावर टाकलंय.

आता मुख्य सांगतो. मागच्या आठवड्यात जयपूर फूट बसला. रबराचा आहे, पण पाच बोटं आहेत, नखंसुद्धा कोरलीत. चार दिवस अंगणात फिरलो, पाचव्या दिवशी वाडीच्या दारात जाऊन उभा राहिलो. पाच महिन्यांनी. उजव्या पायातली चप्पल काढली आणि डाव्याकडे पाहत राहिलो. याचं काय करायचं? यतीन म्हणाला, बाबा, नियम चपलेचा आहे, हा तर पाय आहे, चला आत. नथू कोपऱ्यात उभा होता.

माझ्या जिभेवर सगळा वाद तयार होता. चामडं नाही, रबर आहे. तळवा आहे, बोटं आहेत. वेलीला काय कळतंय? असाच एक वाद मी गेल्या वर्षी जिंकलो होतो.

मी दारातल्या दगडावर बसलो, पट्टे सोडले आणि तो पाय चपलेशेजारी ठेवला. सावित्रीनं माझा एक पाय धुतला. उजवीकडून तिनं धरलं, डावीकडून नथूनं, आणि लंगडीच्या खेळातल्या पोरासारखा मी आत गेलो. तिसऱ्या ओळीपर्यंत पोचलो. शिडी लागणार नाही अशा उंचीची अकरा पानं खुडली. खोकला नाही, खिशाकडे हात नाही. बाहेर आल्यावर मला रडू आलं, यतीननं पाहिलं, पाहू दे. त्या संध्याकाळी त्यानं मला विचारलं, कोवळं पान कसं ओळखायचं.

डेल्फिन सांगत होती, जुलैत तुझं काम संपतंय आणि तू गावी यायचं टाळतोयस. ये. येताना काही आणू नकोस, खजूरसुद्धा नको. फक्त चप्पल साधी घाल, दारात चटकन निघेल अशी. नथूचे गुडघे दुखतात आता. डावी बाजू तू धर.

तुझा,
काशी